तांड्याचा झरा

बळीराम पाणाड्या होता. तळहातावर आडवा नारळ धरून तो वावरात अनवाणी फिरायचा. जिथं नारळ आपसूक उभा राहिला, तिथं खाली पाणी. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. फुलसावंगीकडच्या रस्त्यावर एकानं वॉटर पार्क काढला. त्याच्या बोअरची जागा बळीरामनंच दाखवली होती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तो नातवंडांना, रोशनला आणि उर्वशीला, तिथं घेऊन गेला. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. आत मात्र निळं पाणी, गाणी, पोरांचा कालवा.

"आबाजी, तुमी बी घसरगुंडीवर या ना!" रोशन म्हणाला.

"मी घसरलो त मले जोडाले वेल्डिंगवाला लागन, बाप्पा."

पोरं हसत पळाली. बळीरामनं काठावर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी गार लागेना. जणू पाय धुळीत ठेवले होते.

तेवढ्यात उर्वशी घसरून आली. पाणी केवढं तरी उडालं. ती बाहेर आली ती कोरडी. केस भुरभुरीत, फ्रॉक कडक, ओठ फुटलेले.

"काहून वं, भिजली नाई?"

"त्या बाईनं पुसून घेतलं सारं."

"कोन्त्या बाईनं?"

"घागरेवाली. तिच्या नखात माती हाय... हातात वाटी हाय. म्हने, हे पानी आमचं हाय. तुह्या आबाजीले ठावं हाय..."

बळीरामनं पाण्याकडं पाहिलंच नाही. पोरांना ओढत तो बाहेर पडला.

त्याला ठाऊक होतं. हाच झरा खाली बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या विहिरीला जातो, हे नारळ उभा राहिला तेव्हाच त्याला कळलं होतं. तो बोलला नाही. बोअर लागली त्याच उन्हाळ्यात विहीर आटली. तळाचं पाणी वाटीनं खरवडायला तांड्यातली मानीबाई खाली उतरली, आणि वरून दरड ढासळली.

घरी उर्वशी तांब्यामागून तांबे प्याली. ओठ ओले होईनात. दिवस मावळताना तिची मान कलंडली. तिची आई, बळीरामची सून दीपा, हंबरडा फोडून रडू लागली. तेव्हा बळीराम अंगणात आला. तांड्याकडं तोंड करून त्यानं हात जोडले.

"मानीबाई... मले ठावं होतं. तरी मी जागा दाखवली. मले ने माय... पोरीले पानी दे..."

कुठंतरी दगडावर वाटी खरवडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"मामाजी!" आतून दीपा ओरडली. "भिजली! पोरगी भिजली!"

उर्वशीच्या वेणीतून टपटप पाणी गळत होतं. ओठ ओले, डोळे उघडे. म्हाताऱ्यानं तिला पोटाशी धरलं आणि लहान लेकरासारखा रडला. दीपानं टॉवेल आणला. मग दुसरा. मग गोधडी. मग वेणीखाली बादली ठेवली.

उजाडता उजाडता कडी वाजली. अंगणात तांड्याच्या बाया उभ्या होत्या. डोक्यावर रिकामे हंडे.

"कायले आल्या, बायांनो?"

पुढची हळू आवाजात म्हणाली, "मानी सांगून गेली... झरा आता इकडं आला म्हने."

कोणी काही बोलायच्या आत उर्वशी उठून दारात आली. तिनं वेणी पुढं घेतली आणि पहिल्या हंड्यात सोडली. हंडा भरू लागला.

"आबाजी," ती म्हणाली, "मी हलकी हलकी होऊन राह्यली..."

बळीरामनं बाहेर पाहिलं. बायांची रांग पार तांड्यापर्यंत गेली होती.