बाराव्या झाडापुढचे फोटो

पटत नसेल तर राहू द्या. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

गेल्या ऑगस्टातला मंगळवार. दुपारचे दोन. उरुबांबा नदीच्या खोऱ्याच्या वर, आमच्या गावापासून तीन तास चढून गेलं की केन्युआचं रान लागतं. तांबडी, वाकडीतिकडी झाडं. साल कागदासारखी सुटून लोंबत असते.

आम्ही कामाला होतो त्या रोपवाटिकेला प्रत्येक जुन्या झाडाचा फोटो हवा होता. फोटो मी काढायचे. माझा थोरला भाऊ, वेंतुरादादा, खोडाशेजारी मोजपट्टी उभी धरायचा.

"हुस्ता, फोटो काढतेस की झाडाचं लग्न लावतेस? आटप," तो म्हणाला.

बाराव्या झाडाचा फोटो झाला आणि धुकं उतरलं.

दादा दिसेना. नुसती पट्टी दिसायची. मला वाटलं, मागून धरतोय.

आवाज मात्र येत होता... खोडामागून.

"पुढचं."

तेरावं. चौदावं. वारा अजिबात नव्हता. तरी सालीचे पापुद्रे फडफडत होते...

मग खालून, घळीतून हाक आली.

"हुस्ता..."

हुबेहूब दादाचा आवाज.

मी थबकले. खोडामागून दादा शांतपणे म्हणाला, "धुक्यात असं ऐकू येतं. जाऊ नकोस. पुढचं."

हाक आणखी दोनदा आली.

मग थांबली. फडफडही थांबली.

तिसाव्या झाडापाशी तो म्हणाला, तू हो पुढे, मी पट्टी घेऊन येतो.

तो आलाच नाही.

सकाळी गावकऱ्यांना तो घळीत सापडला. बाराव्या झाडाच्या बरोबर खाली. पाय घसरला असावा. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तास-दोन तास जिवंत होता. कुणी पोचलं असतं तर वाचला असता.

फोटो मी नंतर पाहिले. बाराव्यापर्यंत त्याचा हात आहे, आईने विणलेली टोपी आहे.

पुढच्या अठरा फोटोंत पट्टी खोडाजवळ ताठ उभी आहे. खोडाला टेकलेलीही नाही. धरणारं कुणीच नाही...

आई रोज विचारायची, शेवटी काय बोलला गं तो? महिनाभर मी टाळलं. मग एकदा सांगून टाकलं, "माझं नाव घेतलं त्याने."

"मग तू काय म्हणालीस?"



त्या तिसऱ्या हाकेला मी खोडाकडे बघून म्हणाले होते, दादा, पट्टी तिरकी झालीय, सरळ धर.

आणि पट्टी सरळ झाली होती.