सिंगल की डबल?

मी कोणाला लिफ्ट देत नाही. लॅबमधल्या मुली म्हणतात, मॅडम भारी आखडू आहेत, मागची सीट रिकामी नेतील पण कोणाला बसवणार नाहीत. म्हणोत. त्यातली एक परवा स्वतःचं हेल्मेट घेऊनच समोर उभी राहिली. तिला म्हटलं, "बाई गं, चालत जा, घरी पोचशील तरी." ती फणकाऱ्याने निघून गेली. खरं कारण सांगितलं असतं तर हसली असती, म्हणून सांगितलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या माझ्याकडे बघून कुजबुजणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

सुरुवात अगदी साधी होती. गाडीला पिकअप नव्हता.

गाडी माझ्या नवऱ्याची. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "विकून टाक, मला ते धूड दारात बघवत नाही." पण आमची लॅब भल्या सकाळी उघडते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं दारात तोंड वाकडं करून उभी असतात, आणि त्या वेळेला एकही बस धड येत नाही. शिवाय ही गाडी चालवायला मला त्यानेच शिकवलं होतं. मी पुढे, तो मागे. त्याने तोंडाने काही सांगितलं की मी दचकायचे, म्हणून त्याने एक खूण ठरवली होती. ब्रेक लावायची वेळ आली की तो माझ्या उजव्या खांद्यावर अंगठा दाबायचा. हलकेच. मी चिडायचे, "मला डोळे आहेत म्हटलं!" तो म्हणायचा, "तुला आहेत गं. समोरच्याला आहेत का, ते बघतोय."

समोरच्याला नव्हते. लॅबच्या वाटेवर दगडाच्या खाणी आहेत, आणि त्या रस्त्यावर डंपरवाल्यांचं राज्य. भरलेले डंपर तोलायच्या वजनकाट्यापाशी एक वळण आहे. तिथे एका डंपरने चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केलं. माझा नवरा एकटाच होता गाडीवर. गाडीचं फक्त हँडल वाकलं आणि दिवा फुटला. माणूस गेला, गाडी राहिली.

डंपरचा ड्रायव्हर सुटला. कोर्टात त्याने एकच वाक्य लावून धरलं, मोटारसायकलचा ब्रेक लागला नसेल. अपघाताच्या आदल्याच दिवशी गॅरेजात ताटकळत उभं राहून मी मागचे ब्रेक बदलून घेतले होते. मी हे ओरडून सांगितलं. नवऱ्यामागे डोकं फिरलेल्या बाईचं कोण ऐकतंय? बाहेर व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. जाडजूड माणूस, सतत लवंग चघळणारा. इतका जवळ आला की तो वास माझ्या नाकात गेला. "वाईट वाटतं हो ताई," तो म्हणाला, "पण गाडी वेळच्या वेळी रिपेअरला टाकावी. ब्रेक लागला नसेल." आणि जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डंपरवर हजर. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात लवंग नाही.

तर, पिकअप. मी एकटी बसायचे तरी गाडी कण्हत निघायची. जरा चढ आला की धापा टाकायची. पहिल्या मेकॅनिकने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावतो." मी म्हटलं, "साहेब आता येण्यासारखे नाहीत." त्याने प्लग बदलला. दुसऱ्याने क्लच प्लेट बदलली, वर आरसा ढिला करून दिला. गाडी होती तशीच. मेकॅनिक लोकांचं एक बरं असतं, गाडी नीट झाली नाही की चालवणाऱ्याचं चुकतं. "गिअर उशिरा टाकता तुम्ही," म्हणे.

तिसरा वजनकाट्याशेजारचा. त्याला सगळे उद्यामिस्त्री म्हणतात, कारण कधीही जा, गाडी उद्या मिळणार असते. पण त्याच्या दोन सवयी चांगल्या. काम झालं की स्वतः ट्रायल मारल्याशिवाय तो गाडी देत नाही. आणि काम सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारतो.

"ताई, सिंगल चालवता की डबल?"

मागे माणूस बसत असेल तर मागचे शॉकअप, म्हणजे सीटखालच्या स्प्रिंगा, एक खाच कडक करावे लागतात. एकट्यासाठी ढिले. मी म्हटलं, "सिंगल."

त्याने शॉकअपकडे पाहिलं, मग टायरकडे. "सिंगल? शॉकअप पार बसलेत. टायर बघा कसा झिजलाय. मागे रोज कोणीतरी बसतंय."

"कोणी बसत नाही."

"बरं," असं म्हणून त्याने शॉकअप सिंगलला लावले आणि ट्रायलला निघाला. वळणाच्या पुढे जाऊन परत यायला त्याला नेहमी एक चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. त्या दिवशी तो गाडी हाताने ढकलत परत आला. चेहरा उतरला होता. गाडी स्टँडवर लावून त्याने पाना उचलला आणि मला न विचारता शॉकअप कडक केले.

"काय झालं?"

"डबलला लावलेत," तो खाली बघत म्हणाला. "डबललाच असू द्या... वळणावर माझा खांदा कोणीतरी..." पुढचं गिळून तो पाना पुसायला लागला. पैसेही घेतले नाहीत, आणि उद्यामिस्त्रीने पैसे सोडणं म्हणजे काय, ते इथल्या कोणालाही विचारा.

घरी जाताना मी हळू चालवली. वळण जवळ आलं. आणि उजव्या खांद्यावर अंगठा दाबला गेला. हलकेच.

मी ब्रेक मारला. समोरून डंपर आला, माझ्या बाजूने, हॉर्नसुद्धा न देता, आणि अंगावर धूळ उडवत गेला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मागे वळून बघायची हिंमत मात्र झाली नाही. फक्त म्हटलं, "मला डोळे आहेत म्हटलं ना." सीट किंचित करकरली.

पुढचे दिवस मी सुखात होते, हे कबूल करते. मिस्त्रीने विचारलं की मी ताठ मानेने "डबल" म्हणायचे, आणि तो मान खाली घालून पाना फिरवायचा. मागचे फूटरेस्ट मी रात्री दुमडून ठेवायचे, सकाळी ते उघडे असायचे. दाट धुक्यात समोरचं काही दिसत नसलं तरी खांद्यावरचा अंगठा मला बरोबर थांबवायचा. एवढ्यावर मी जन्म काढला असता.

पण तो लवंगवाला रोज त्याच रस्त्यावर डंपर हाणत होता, आणि हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, मागून कर्कश हॉर्न सुरू झाला. थांबेचना. नेमकं तेच वळण. खांद्यावर अंगठा रुतला, मी गाडी रस्त्याच्या खाली घातली, आणि डंपर मला घासून पुढे गेला. वजनकाट्यापाशी त्याला रांगेत थांबावंच लागलं. मी गाडी त्याच्या शेजारी नेऊन उभी केली. तोच होता. गालात लवंग.

काच खाली करून तो ओरडला, "ए बाई, रस्ता बापाचा आहे का? येत नाही तर चालवता कशाला?"

त्याने मला ओळखलंच नाही. माझा सगळा संसार त्याने चाकाखाली घातला होता आणि त्याला माझा चेहरासुद्धा आठवत नव्हता. माझ्या आत जे उसळलं, ते अजून शांत झालेलं नाही. मला ठाऊक होतं, मी काय मागतेय आणि त्यापायी काय हातचं जाणार आहे. तरी मी मान न वळवता म्हटलं,

"उतर. बघ जरा त्याच्याकडे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मागचे शॉकअप हळूच वर उचलले गेले. सीट हलकी झाली. डंपरच्या पलीकडच्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि लागल्याचा. ड्रायव्हरने चमकून त्या बाजूला पाहिलं. मी गाडी चालू केली. कधी नव्हे ती एका झटक्यात निघाली. काय पिकअप होता! घरापर्यंत मी ओक्साबोक्शी रडत गेले.

नंतरचं मला मिस्त्रीकडून कळलं. काट्यावरचा माणूस कुरकुरत होता म्हणे. तो एक डंपर रिकामा आणला तरी माणसाभर वजन जास्त दाखवतो, काटा दोनदा तपासून झाला. ड्रायव्हर चिडचिडा झालाय, केबिनमध्ये एकटा बसत नाही, क्लीनर मिळेना. मग एका सकाळी तो रिकामा डंपर खाणीच्या उतारावरून थेट खड्ड्यात गेला, ड्रायव्हरसकट.

"ब्रेक लागला नसेल," मिस्त्री म्हणाला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लॅबमध्ये त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

पाठोपाठ एका सकाळी गाडी पुन्हा कण्हली. चढावर धापा टाकायला लागली. मी तिथल्या तिथे थांबले आणि हातांनी तोंड झाकून घेतलं. आला होता! परत आला होता. कामावरून सुटल्या सुटल्या मी तशीच मिस्त्रीकडे गेले. त्याने विचारायच्या आतच म्हटलं, "डबल! डबलला लावा."

त्याने शॉकअप कडक केले, ट्रायलला गेला, आणि लगेच परत आला. पुन्हा पाना घेतला. शेवटच्या खाचेपर्यंत कडक केले. हाताने सीट दाबून पाहिली. मग कपाळावरचा घाम पुसला.

"ताई, रागावू नका," तो अगदी हळू म्हणाला. "ट्रिपल सीट चालवता का?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, मिस्त्री, तुमचं काहीतरीच.

घरी निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. वळण जवळ येऊ लागलं, तशी मी उजवा खांदा सैल सोडून वाट बघत राहिले. अंगठा आला नाही. त्याऐवजी माझ्या पाठीला काहीतरी चिकटलं. जाड, ऊबदार. हेल्मेटच्या आत वास भरला. लवंगेचा.

समोरून दिवे आले. मी पायाने ब्रेक दाबला. पेडल खाली जाईना. त्याच्या खाली काहीतरी होतं, मऊ, बुटाच्या टोकासारखं... आणि ते हलत नव्हतं. मी हाताचा ब्रेक आवळला, गाडी आडवी झाली, दिवे डोक्यावरून गेल्यासारखे गेले. मी खडीत पडून होते तेव्हा मला कळलं. मागे दोघं आहेत. पण मधे तो लवंगवाला बसलाय. माझा नवरा त्याच्या मागे आहे, आणि त्याचा हात माझ्या खांद्यापर्यंत पोचत नाही.

सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "विक." विकली तर माझा नवराही जाईल, आणि या वेळी कायमचा. घालवायला मी त्याला एकदा घालवलंच होतं, पुन्हा होणार नाही माझ्याकडून. म्हणून मी रोज सकाळी निघते, वळणाच्या बऱ्याच आधी वेग कमी करते आणि हाताच्या ब्रेकवर बोटं ठेवते. लिफ्ट कोणाला देऊ? जागा कुठे आहे?

आज मिस्त्रीला म्हटलं, मागचा ब्रेक नीट बघा, लागत नाही. त्याने सगळं खोललं. "ब्रेक एकदम ओके आहे," म्हणाला. मग वाकून पेडलच्या खालच्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घातला, अडकलेलं काहीतरी उकरून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

अर्धी चघळलेली लवंग होती. अजून ओली होती.