भोंग्याने हॉर्न दिला ती रात्र

वीज गेली ते एका अर्थी बरंच झालं. मोबाइल खिशात घाला सगळ्यांनी आणि जिन्याचं दार लोटून घ्या. भुताची गोष्ट हवी ना? मग मध्ये मध्ये ‘हॅ’ करायचं नाही. धाकट्या, हे तुला सांगतोय. अंधारात एकटा खाली जाऊन पाण्याची टाकी बघून येत नाहीस आणि मला विज्ञान शिकवतोस.

ही गोष्ट माझ्या दोस्ताची, भोंग्याची. वीस वर्षं त्याने दुधाचा टेम्पो चालवला. टेकडीवरच्या गोठ्यांमधून कॅन उचलायचे आणि खाली डेअरीत आणून टाकायचे, सकाळ-संध्याकाळ. त्याच्या टेम्पोचा हॉर्न असा की मेलेला उठून बसावा, म्हणून तो भोंग्या. तो टेम्पो माझ्याच गॅरेजमध्ये दुरुस्तीला यायचा. चारदा सांगितलं, हॉर्न बदलून देतो. म्हणाला, बदललास तर गायी ओळखणार नाहीत.

थट्टा नाही, खरंच ओळखायच्या. टेकडीच्या वाटेवर आबा म्हणून एक म्हातारे राहायचे, त्यांच्या गोठ्याच्या वळणावर तो हॉर्न द्यायचा, एक लांब आणि दोन तोकडे. तो ऐकला की वर चरणाऱ्या गायी आपणहून उतारावरून खाली यायच्या आणि फाटकाशी ओळीने उभ्या राहायच्या. कोणी हाकायची गरज नाही. आबा म्हणायचे, माझ्या पोरांना एवढं वळण असतं तर मी सुखाने मेलो असतो.

मग तो खुरकुताचा रोग आला. रोग खोटा होता असं मी म्हणत नाही. खालच्या गावात गायी लाळ गाळत पडलेल्या मी या डोळ्यांनी बघितल्या. काहीतरी करायलाच हवं होतं. सरकारने हुकूम काढला, साथ पसरू नये म्हणून आसपासच्या सगळ्या गायी मारून पुरायच्या. पण रोग खालच्या गावात, आणि मारायच्या वरच्या टेकडीवरच्या, चांगल्या रवंथ करणाऱ्या, तेही रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी? याला काय म्हणायचं? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं कुठलं आणि ओलं कुठलं हे बघायला थांबायचीच कोणाची तयारी नव्हती. अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

पहिला नंबर आबांचा लागला. पांढरे झगे घातलेली माणसं बघून गायी बिथरल्या आणि उतारावर पांगल्या. हाती लागेनात. तेव्हा जनावरांचा डॉक्टर भोंग्याला म्हणाला, ‘काका, तुम्ही हॉर्न द्या. पळवून पळवून हाल करण्यापेक्षा ते बरं.’ पोरगा मनाने वाईट नव्हता, गायींच्या भल्यासाठीच बोलला. भोंग्याने हॉर्न दिला.

आल्या की. सगळ्या आल्या, नेहमीसारख्या, ओळीने. आबा फाटकाशी उभे राहिले आणि आत जाणाऱ्या एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दिवस मावळेपर्यंत गोठा रिकामा झाला होता. आणि दोन दिवसांनी रिपोर्ट आला. एकही गाय आजारी नव्हती.

त्यानंतर आबा पहाटे उठायचे, हात धुवायचे आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचे. त्यांची म्हातारी हाक मारायची, तर म्हणायचे, ‘येतो, धारा काढून होऊ देत.’ शेवटी लेक आली आणि दोघांना शहरात घेऊन गेली. आबांनी घराला कुलूप लावलं, पण गोठ्याचं फाटक सताड उघडं ठेवलं. लेक ते लावायला गेली, तर म्हाताऱ्याने तिच्यावर काठी उगारली. ‘ज्यांनी माझा गोठा रिकामा केला त्यांना रोज दिसू दे,’ म्हणाले.

त्या दिवसापासून भोंग्याने हॉर्नला हात लावला नाही. रस्त्यात कोणी आडवं आलं तर खिडकीतून डोकं काढून ओरडायचा. दूधच बंद, म्हणजे धंदाही बंद. मग सरकारी लोकांनी त्याचा टेम्पो चुना वाहायला लावला. खड्ड्यात गायींवर टाकायचा चुना. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, ‘मी नाही नेला तर दुसरा नेईल, आणि माझ्या घरची चूल मात्र विझेल.’

आता ती रात्र. दोन वर्षांपूर्वीची, बारा डिसेंबर, गुरुवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, आधीच सांगतो. चांदणं असं पडलं होतं की सुईत दोरा ओवावा. साडेअकराच्या सुमाराला भोंग्या चुन्याच्या गोण्या भरून टेकडीकडे निघाला. शेजारी तोच डॉक्टर, मांडीवर इंजेक्शनांची पेटी. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. भोंग्याने त्याला थर्मासमधला चहा दिला. दोघं थंडीबद्दल बोलले, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलले. मग भोंग्याने सहज विचारलं, ‘आज कोणाकडे?’

‘वरच्या वाडीत. अगदी शेवटचं घर.’

भोंग्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. ते घर त्याच्या वहिनीचं. त्याचा थोरला भाऊ गेला तेव्हा दोन्ही मुलं एवढीशी होती. त्या बाईने कोणापुढे हात पसरला नाही. गोठ्यातल्या गायींवर घर उभं केलं, मुलांना शिकवलं. गायी गेल्या की तिचं सगळंच गेलं.

‘साहेब, ती माझी वहिनी आहे.’

डॉक्टरने चहाचा कप खाली ठेवला. ‘मला कोणी सांगितलं नव्हतं, काका.’

‘तिच्या गायींचा रिपोर्ट?’

‘सकाळी येईल.’

‘मग सकाळीच जाऊ ना!’

‘उजाडायच्या आत उरकायचंय. दिवसा लोक जमतात. खड्डा खणणारी माणसं संध्याकाळीच वर गेलीत.’ आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘वरून हुकूम आहे.’

तुम्ही म्हणाल, भोंग्याने तिथेच गाडी का नाही थांबवली? मीही विचारलं त्याला. म्हणाला, ‘घाबरलो. आणि काय!’ नोकरी, पोलीस, घरची पोरं... माणूस एका क्षणात वाघ होत नाही. तो गाडी चालवत राहिला. डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं.

आणि वळण आलं. आबांच्या गोठ्याचं. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता. वीस वर्षांची सवय, बाबांनो. भोंग्या मला शपथेवर म्हणाला, ‘मी दिला नाही रे. हाताने दिला.’

एक लांब. दोन तोकडे.

सगळ्या टेकडीवर आवाज घुमला. मग शांत झालं.

‘कशाला वाजवलात?’ डॉक्टर म्हणाला.

भोंग्याने काच खाली केली होती. तो ऐकत होता.

उतारावरून खुरांचा आवाज येत होता... घाई नाही, पळापळ नाही. दगडावर खूर पडतो तसा. एक. मग दुसरा. मग पुष्कळ.

‘कोणाची जनावरं सुटलीत?’ डॉक्टर म्हणाला.

या उतारावर जनावरं उरलीच नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं.

आबांच्या उघड्या फाटकातून पहिली बाहेर आली. एका शिंगाची, सगळ्यात पुढे चालणारी. भोंग्याने ओळखली. तिच्यामागे दुसरी. रस्त्यावर आल्या आणि टेम्पोसमोर उभ्या राहिल्या. मागेही आल्या. दोन्ही बाजूंनी. चांदण्यात सगळं दिसत होतं. कान, पापण्या, कासा भरलेल्या...

थंडी अशी होती की या दोघांच्या श्वासाने काच धुरकटली होती. गायींच्या नाकांतून वाफ निघत नव्हती.

‘काका... हाकला त्यांना. हॉर्न द्या.’

‘हॉर्न देऊनच तर आल्यात, साहेब.’

डॉक्टरने काच पुसली. एकीच्या मानेवर केस कातरल्याची चौकोनी खूण होती. सुई टोचायच्या आधी करतात ती. त्याने ती बघितली. मग दुसरीच्या मानेवर बघितली. मग पेटी मांडीवरून खाली ठेवली.

‘हिला... मी...’



इंजिन चालू होतं. गायी हलत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. रागाने नाही. धारा काढायला उशीर झाला की बघतात, तशा.

शेवटी डॉक्टर पुटपुटला, ‘हळूहळू पुढे घ्या. बाजूला होतील.’

आणि इथे, बाबांनो, भोंग्या बदलला. तोपर्यंत तो भ्यालेला होता, गायींनाही आणि सरकारलाही. पण ते ‘पुढे घ्या’ ऐकलं आणि त्याच्या आतून काहीतरी वर आलं. त्याने इंजिन बंद केलं.

‘एकदा विश्वासाने बोलावून मारली मी त्यांना. आता अंगावर गाडी घालू? मला नाही जमणार. तुम्हाला जमत असेल तर उतरा आणि घ्या चालवायला.’

असं म्हणून त्याने किल्ली काढली आणि खिडकीतून बांधापलीकडे भिरकावून दिली. आबांच्या रानात. ती पडल्याचा आवाजही आला नाही.

डॉक्टरने आपल्या बाजूचं दार उघडलं. पायी जाणार होता बहुतेक. एक पाय खाली टेकवला... समोरच एक कालवड उभी होती. तिने मान वळवली. इतकंच. त्याने पाय आत घेतला. दार लावलं. लहान पोरासारखा दोन्ही हात मांडीत घालून बसला.

मग त्याचा फोन वाजला. वरचे साहेब. आवाज एवढा मोठा की भोंग्यालाही ऐकू येत होता.

‘अजून पोचला नाहीत? माणसं खोळंबलीत तिथे!’

‘सर, रस्ता बंद आहे.’

‘कशाने?’

डॉक्टरने पुन्हा एकदा काच पुसली.

‘कशाने बंद आहे?’

‘गायींनी.’

‘कोणाच्या गायी?’

डॉक्टरने समोर बघितलं. भोंग्या म्हणतो, त्या वेळी त्या पोराचा आवाज पहिल्यांदा सरळ निघाला.

‘ज्यांचा रिपोर्ट चांगला आला होता, सर. त्यांच्या. आणि मी आज पुढे जाणार नाही. काय करायचं ते करा.’

फोन बंद करून त्याने तो पेटीत टाकला आणि पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर रात्रभर दोघं तसेच बसून राहिले. बाहेर खुरांची थोडी हालचाल व्हायची. कोणीतरी टेम्पोला अंग घासायचं, गाडी जराशी हलायची. पहाटे पहाटे भोंग्याचा डोळा लागला. उठला तेव्हा तांबडं फुटलं होतं आणि रस्ता मोकळा होता.

नऊ वाजता रिपोर्ट आला. वहिनीच्या गायी निरोगी निघाल्या. पुढच्या आठवड्यात रोगाची साथ हटली, आणि टेकडीवर तेवढा एकच गोठा भरलेला राहिला. डॉक्टरची कुठेतरी लांब बदली केली. जाताना तो शहरात आबांना भेटून गेला. आत काय बोलणं झालं कोण जाणे, पण आबांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

भोंग्या त्या सकाळी आधी वहिनीकडे धावला, चालतच. ती गोठ्याच्या दारात आडवी खाट टाकून बसली होती, हातात शेण ओढायचं फावडं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खड्डा खणणारे लांब शेकोटीपाशी बसून होते, जवळ यायची कोणाची छाती झाली नव्हती. भोंग्याला बघून म्हणाली, ‘भावजी, ती गाडी घेऊन आला असतात ना, तर या फावड्याने आधी तुम्हाला आडवं केलं असतं आणि मग त्या साहेबाला.’ आणि मग रडायला लागली. तोही रडला. दोघांनी मिळून धारा काढल्या.

मला भोंग्याचा फोन आला तो किल्लीसाठी. ‘हरवली आहे, वायरी जोडून गाडी चालू करून दे.’ मी गेलो, आणि मी काय बघितलं ते सांगतो. ते ऐकीव नाही.

रस्त्यावर दव पडलं होतं. त्यावर एकही खूर उमटलेला नव्हता. शेण नाही, काही नाही. आबांच्या फाटकाशी गवत उभंच्या उभं. मला वाटलं, दोघांनी मिळून घेतली असणार रात्री. खरं सांगतो, मी भोंग्याचं तोंडही हुंगलं. नुसता चहा.

मग मी ड्रायव्हरच्या बाजूला गेलो. चुना वाहून वाहून तो टेम्पो पांढरा पडला होता, टायरपासून टपापर्यंत. पण दारावर, खिडकीच्या खाली, जिथे भोंग्या हात बाहेर टाकून बसतो तिथे, एक पट्टा स्वच्छ होता. चांगला तळहाताएवढा रुंद. खालून वर गेलेला. मूळचा निळा रंग दिसत होता, आणि त्यात बारीक बारीक रेघा. गाय वासराला चाटते तशा... जिभेच्या. मी बोट लावलं. ओलं होतं.

फडक्याने पुसलं. मग गॅरेजमध्ये आणून साबणाने धुतलं, उन्हात ठेवलं.

दोन उन्हाळे गेले त्याला. टेम्पो आज खाली शेडमध्येच उभा आहे, ब्रेक बघायला आणलाय भोंग्याने. धाकट्या, बॅटरी घे आणि जा खाली. हॉर्नला हात लावू नकोस. नुसता दारावरच्या त्या पट्ट्यावर तळहात ठेव आणि ये.

आणि तुझा हात कोरडा असला, तर मग मला विज्ञान शिकव.