अर्थिंगचा खड्डा

सारखं सारखं तेच सांगायला मी काय रेडिओ हाय? जेवणं झाली, लाईट गेली, की तुमचं सुरू. आज्जा, त्या कंप्युटरची सांगा. लाईट गेली तर झोपावं माणसानं. उद्या एकटं मागल्या दारी जायला तुम्ही भ्यायचं आणि तुमच्या आयांनी मला बोलायचं. सांगतो. पण मधी कोण हसलं तर उठून जाईन.

हे माझ्यावर गुदरलेलं न्हाई. परशूवर गुदरलं. परशू आमच्या रामनगरातला, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता बेळगावात जाऊन कंप्युटरचं शिकून आलेला. खोटं रचायची अक्कल त्याला न्हवती. मी माझ्या जीपनं त्याला सोडलं आणि सकाळी आणायला गेलो. रातचं सांगतो ते त्याच्या तोंडचं. सकाळचं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

साल नव्याण्णव. कार्तिकातली अमावस्या, मंगळवार. कुंभारवाड्याच्या पुढं रानात एक वाडी हाय, तिथं भाताची सोसायटी होती. सोसायटीच्या गोदामात त्या साली कंप्युटर आला. चालवायला परशूची धाकटी बहीण विमल. नवऱ्यानं टाकलेली. त्या नोकरीवर ती आणि तिची पोर जगत होती.

आणि ते मशीन चालंना. चालू केलं की टुक् करून उठायचं, आकडे मोजायचं आणि मधीच मरायचं. मग आपलं आपणच उठायचं. परत मरायचं. सेक्रेटरी होता बाबुराव. म्हणाला, बाईच्या हातात मशीन दिलं की असंच. सकाळी वरचे साहेब बघायला येणार होते. तोवर मशीन उभं राहिलं न्हाई तर विमल घरी, आणि तिच्या खुर्चीवर बाबुरावाचा भाचा.

म्हणून परशूनं मला गाडी काढायला लावली. पोचलो तवा दिवस मावळलेला. बाबुराव किल्ल्या वाजवत दारातच उभा.

"काय परशू, बहिणीची चूक झाकायला आलास व्हय?"

"बघून सांगतो की अण्णा, कुणाची चूक हाय ती."

"दोन हजार साल येणार म्हणून सगळी मशीनं वेडी व्हाल्यात म्हणं. पेपरात आलंय."

"पेपर तुमचा आज आला. मशीन दसऱ्यापासनं मरालंय."

बाबुरावानं किल्ल्या त्याच्या अंगावर टाकल्या आणि गेला.

विमल भाकरी घेऊन आली. हळूच म्हणाली, "दादा, मशीनमधी काय न्हाई. खड्डा चुकीच्या जागी काढलाय."

आता खड्डा म्हंजे काय ते ऐका. कंप्युटरला अर्थिंग लागते. जमिनीत खड्डा काढायचा, तळाला तांब्याचा पत्रा, त्याच्यावर कोळसा आणि मीठ, आणि पत्र्याला जोडलेली तार घरात न्यायची. चोरटा करंट त्या वाटेनं जमिनीत जातोय. बाबुरावानं तो खड्डा काढलेला गोदामाच्या मागं, वाडी राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या धोंड्याच्या पायाशी. का, तर तिथली माती मऊ.

त्या धोंड्याला वाडीतली कुणबी माणसं दर अमावस्येला भात ठेवतात. अळणी. मिठाचा कणसुद्धा चालत न्हाई. वाडीतला म्हातारा धाकलू बाबुरावाला सांगायला गेलेला, की बाबा, आम्ही चिमूट घालत न्हाई आणि तुम्ही पोतं ओताल्यात. बाबुराव म्हणाला, "मग आता जरा चव लागंल की त्याला."

परशू विमलला म्हणाला, "आधी मशीन बघू, मग देव बघू. तू पोरीकडं जा." ती गेली. मी पलीकडल्या वाडीत माझ्या ओळखीच्या उमाजीकडं झोपायला गेलो. परशू एकटा राहिला.

त्यानं सगळं क्रमानं केलं. व्होल्टेज बघितलं, बरोबर. डबा उघडला, धूळ फुंकली. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासून परत बसवल्या. पंखा फिरत होता. संगं आणलेला दुसरा पॉवर सप्लाय घातला. मशीन उठलं, मोजलं, मेलं.

शेवटी त्यानं न्यूट्रल आणि अर्थिंगमधी मीटर धरला. काटा जाग्यावर पायजे, तो वर चढलेला. म्हंजे खड्डा वाळला. ह्यात भुताचं काय न्हाई. पाऊस सरला की खड्डा वाळतोय, पाणी घालावं लागतंय.

घागर घेतली, बॅटरी घेतली, मागं गेला. दहा वाजून गेलेले. धोंड्यापुढं पानावर भात ठेवलेला होता. त्यानं घागर ओतली, आत आला. मशीन उठलं आणि उभं राहिलं. विमलचं काम पडद्यावर आलं. परशूनं विडी पेटवली.

विडी संपायच्या आत मशीन मेलं.

परत गेला. खड्ड्यात हात घातला. कोरडा. चुलीतल्या राखेसारखा. परत घागर. परत विडीभर उजेड. परत अंधार. असं किती वेळा केलं, त्यालाच सांगता येईना. नुसता आत-बाहेर, आत-बाहेर. एका जागी बसवंना.

मग एकदा घागर ओतून तो तिथंच थांबला. पाणी मुरताना आवाज येतोय, तसा न्हवता हा.

घुटक्यांचा होता.

घुट्... घुट्...

तिथनं गोदामाची खिडकी दिसत होती. खिडकीत पडद्याचा उजेड. घुट् झालं, उजेड गेला. घुटका थांबला, उजेड आला.

घुट्... गेला.

पळाला असता तर बरं. पण त्याच्या डोक्यात विमल. त्यानं स्वतःला समजावलं, मीठ कमी पडलं असंल. गोदामातनं खड्ड्याच्या मिठाची उरलेली पिशवी आणली. फाडली. सगळी ओतली.

घुटके थांबले.

रातकिडे पण.

मग... कुणीतरी थुंकलं. अगदी जवळ. पोरानं कडू औषध थुंकावं तसं.

परशूनं बॅटरी फिरवली. भाताचं पान पालथं पडलेलं. माणूस न्हाई. कुत्रं न्हाई.

खड्ड्यातली तार हलली. ताणली गेली... आतनं. गोदामात भिंतीवरचा बोर्ड खडखडला. मशीन टुक् करून उठलं. तार सैल झाली. मशीन मेलं. परत ताणली.

आणि खालनं आवाज.

कर्र...

तांब्याच्या पत्र्यावर.

कर्र...

परशूच्या खिशात पकड होती. त्यानं तार तोडली. मग गोदामाच्या भिंतीला पाठ लावून बसला. आत गेला न्हाई. मागं बघितलं न्हाई. कर्र कर्र... उजाडंस्तवर.

मी गेलो तवा तो पायरीवर बसलेला. हातात पकड तशीच धरलेली. चहा पाजून एवढं काढून घेतलं मी.

साहेब आले. मशीन बंद. बाबुरावानं तोंड उघडलं, "बघा साहेब. बहिणीनं मशीन मारलं, भावानं तार तोडली. दोघांना घरी पाठवा." विमल दाराशी उभी, पोरीचा हात धरून. रडली न्हाई. पोरीचा हात मात्र तिनं एवढा दाबलेला की पोर कळवळली.

परशू एवढंच म्हणाला, "खड्डा उकरा."

साहेब वैतागले, पण उकरा म्हणाले. धाकलू जवळ येईना. कुदळ मी घेतली. मीठ निघालं, कोळसा निघाला, सगळं ठणठणीत कोरडं. मग पत्रा. चांगला जाडजूड पत्रा, पोरांनो, हातानं वाकायचा न्हाई.

चारी कडांनी चावलेला.

साहेबांनी एका खुणेत अंगठ्याचं नख घातलं. लगेच काढलं. रुमालाला पुसलं. पत्रा माझ्या हातात दिला. मग विमलला म्हणाले, "बाई, मशीन आजच दुसऱ्या खोलीत हलवा. अर्थिंग दुसरीकडं काढा. आणि चालवायला तुम्हीच बसा." ते मशीन परत कधी मेलं न्हाई. विमल त्याच खुर्चीवरनं पुढं रिटायर झाली.

पण बाबुराव गप्प बसतोय व्हय? भरल्या लोकांत म्हणाला, "साहेब, ह्या ड्रायव्हरनं रातचं दुसरा पत्रा पकडीनं चावून आणलाय. विमलला वाचवायला. लबाड हाय." तवापासनं रामनगरच्या बाजारात मला पकडवाला म्हणत्यात.

पत्रा वर माळ्यावर हाय. टाकून देववंना, वितळवायला द्यायचं धाडस हुईना. बघायचा तर उजेडी बघा. खुणा बारक्या हायत, दुधाच्या दातांएवढ्या. आणि वरच्या ओळीत समोरचा एक दात पडलेला. चारी कडांना, हर एक चाव्यात, त्याच जागी तीच फट.

पकडीला दुधाचे दात असत्यात काय रे? असत्यात तर चूक माझी. न्हाईतर एका माणसानं माझी माफी मागायची राहिलीय. अजून जिता हाय. काठी टेकत देवळापर्यंत येतोय आणि मला बघून रस्ता बदलतोय.

बाबुराव.