खिशाच्या आतली बाजू

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता लॉन्ड्रीत एक तरुण शिरला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर, पोटापाशी, निळ्या शाईचा तळहाताएवढा डाग होता. शर्ट त्याच्या अंगावरच होता.

काउंटरमागे उभी राहून ती, समोरच्या फळीवर साबणाच्या डब्याला मोबाइल टेकवून, व्हिडिओ करत होती. कॉलरचा मळ कसा काढावा, हे ती सकाळपासून चौथ्यांदा सांगत होती आणि या खेपेला जीभ कुठेच अडखळली नव्हती. तेवढ्यात हा माणूस मोबाइलच्या आणि तिच्या बरोबर मधे येऊन उभा राहिला.

"हा डाग निघेल?"

"कधीचा आहे?"

"आत्ताचा. म्हणजे... दुकान उघडलं आणि झालं."

"निघेल. पण शर्ट काढून द्यावा लागेल. माणसासकट धुवायची सोय नाही आमच्याकडे."

तो हसला नाही. विचारात पडला. मग रस्त्यापलीकडे बोट दाखवत म्हणाला, "बदलून येतो. मी समोरच असतो, पेनांच्या दुकानात. आत्याचं दुकान आहे."

"पाटी वाचता येते मला."

तो गेला. दारातून बाहेर पडताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं — आणि पायरी चुकला.

दोघांचं सगळं बोलणं मोबाइलमध्ये आलं होतं. व्हिडिओ बंद करायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

लॉन्ड्री तिच्या बाबांची. कपडे घरून नेणारी आणि घरी पोचवणारी एक कंपनी शहरात आली, तेव्हापासून दुकानातले हँगर रिकामे दिसू लागले होते. जुनी गिऱ्हाइकं घरं बदलून लांब गेली होती आणि नव्यांना या गल्लीत लॉन्ड्री आहे हेच ठाऊक नव्हतं. पेज काढायची कल्पना तिची. बाबांना ती पटली नव्हती.

"लोक स्वतःचे कपडे धुवायचे सोडून दुसऱ्याचे धुतलेले बघत बसतील?" त्यांनी विचारलं होतं.

तसे फारसे कुणी बघतही नव्हते. चाळीसेक फॉलोअर. त्यातले निम्मे नात्यातले. मावशी तर दोनदा होती, कारण पहिल्या खात्याचा पासवर्ड ती विसरली होती.

त्या दिवशी मात्र तिने कॉलरचा मळ बाजूला ठेवला. शर्टाचा डाग थंड पाण्याखाली मागच्या बाजूने कसा सोडवला, ते दाखवलं आणि सुरुवातीला 'माणसासकट'चा संवाद तसाच ठेवला. त्यात त्याची फक्त पाठ दिसत होती. खाली लिहिलं, 'समोर पेनांचं दुकान आहे, तोवर आमची लॉन्ड्री बंद पडायची नाही.'

तासाभरात पेनांच्या दुकानाच्या पेजवरून उत्तर आलं. 'शाई आपोआप सांडत नाही. हात हलतात. — समोरचे.'

तिने लिहिलं, 'हात कशाने हलला ते सांगा. उपाय त्यावर ठरतो.'

'समोर बघितलं.'

तिने मोबाइल पालथा ठेवला. इस्त्री हातात घेतली, एक चादर पुरी केली, मग मोबाइल पुन्हा सुलटा केला. तोवर त्या दोन शब्दांखाली अनोळखी माणसं जमा झाली होती.

नंतर हे रोजचंच होऊन बसलं. तो एक दिवसाआड डाग घेऊन यायचा. कधी बाहीवर हिरवा, कधी शर्टाच्या टोकाला लाल. ती डाग काढायची, व्हिडिओ टाकायची, आणि दोन्ही पेजांवर टोमण्यांची फेकाफेक चालायची. लोक बाजू घेऊ लागले. कुणीतरी तिला 'डागताई' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. त्याला 'दौतराव' म्हणू लागले. हजार झाले, तीन हजार झाले. त्यातले काही खरोखरच कपड्यांची बोचकी घेऊन दारात येऊ लागले.

"आज एक मुलगी आली होती," बाबा एका दुपारी म्हणाले, "तुझ्याबरोबर फोटो काढायला. म्हटलं, थांब हवं तर, पण निदान गळ्यातला स्कार्फ तरी धुवायला दे."

"दिला?"

"दिला. आणि आईचा कोट आणते म्हणाली."

संध्याकाळी तो आला, तेव्हा ती एका शर्टाची कॉलर दाबत होती. वाफ दोघांच्या मधे उभी होती. ओल्या सुताचा वास येत होता.

"सगळे तुम्हाला डागताई म्हणतात," तो म्हणाला.

"म्हणू देत."

"मी म्हणणार नाही."

"का बरं?"

"डाग म्हणेन हवं तर. ताई जमणार नाही."

इस्त्री कॉलरवर जरा जास्तच थांबली. कॉलर वाचली, पण थोडक्यात.

"तुमच्या बोटांवरही शाई आहे," ती खाली बघत म्हणाली.

"ती निघत नाही."

"प्रयत्न केलात?"

"तुम्ही करून बघता?"

"हात धुवायचीही सोय नाही इथे," ती म्हणाली. पण कोपऱ्यातल्या नळाकडे बोट दाखवलं, आणि साबणही पुढे सरकवला.

गुरुवारी सकाळी तो फिकट पिवळा शर्ट ठेवून गेला. खिशावर जांभळा डाग. "खिशात पेन गळलं," म्हणाला, आणि घाईने परत गेला, कारण आत्या हाका मारत होती.

तिने सवयीने खिसा उलटा केला आणि थांबली.

खिशात पेन गळलं, की शाई आधी आतल्या कापडाला लागते. खालच्या शिवणीत साचते आणि मग बाहेर उमटते. या खिशाची आतली बाजू कोरी होती. शिवणीत जांभळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. डाग बाहेरून टाकलेला होता, ड्रॉपरने, सावकाश, एकाच जागी.

तिला आधी हसू आलं. दिवसभर शाई भरणाऱ्या माणसाला शाई कुठून कुठे जाते एवढंही कळू नये! मग बाकीचे शर्ट आठवले, बाहीचा हिरवा, टोकाचा लाल... आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हा माणूस इथे यायला मिळावं म्हणून चांगले शर्ट खराब करत होता. तिने तो खिसा दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला तो उगाचच.

हा आनंद दुपारपर्यंत टिकला.

दुपारी पेनवाल्याची आत्या आपला लोकरी कोट घेऊन आली. बाई ठेंगणी, आवाज मात्र रस्त्यापलीकडून ऐकू येईल असा.

"काय गं, किती झाले तुझे?"

"आठ हजार."

"आमचे सहा. डोकं कुणाचं, ओळख बघू."

"कुणाचं?"

"माझं!" आत्याने कोट काउंटरवर पसरला. "भाचा नुसते पेनांचे फोटो टाकायचा. काळं कुत्रं फिरकत नव्हतं. म्हटलं, बाबा रे, समोर जा, शर्टावर शाई सांड आणि त्या पोरीशी भांडण काढ. भांडण बघायला लोक लांबून येतात. गुणी आहे हो, सांगितलेलं ऐकतो."

"हो," ती म्हणाली. "परवा मिळेल कोट."

आत्या गेल्यावर तिने पावतीवर तारीख घातली. चुकीची पडली, ती खोडून पुन्हा घातली. बाकी काही केलं नाही. जांभळा डाग धुतला, शर्ट वाळवला, घडी घालून कागदात बांधला. मोबाइल दिवसभर खणात राहिला.

तो संध्याकाळी आला. साबणाच्या डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"व्हिडिओ?"

"केला नाही."

"बॅटरी संपली का?"

"नाही."

"मग..."

"डाग निघालाय. पावती?"

त्याने पावती दिली. तिने पुडकं दिलं. तो थोडा वेळ उभा राहिला, पण मागे दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्याला सरकावं लागलं.

शुक्रवारी काही आलं नाही, शनिवारीही नाही. ना इथून, ना तिथून. लोक विचारू लागले. समोरचे कुठे गेले? खरंच भांडलात काय? फॉलोअर हळूहळू गळायला लागले. दुकानाला हे परवडणारं नव्हतं, आणि तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक टोमणा टाकला असता तर सगळे परत आले असते. तिने दोनदा लिहिला, दोनदा पुसला. आठ हजार माणसांसमोर आपण एकटीच खरं हसत होतो, हे तिला गिळवत नव्हतं.

"तुझं ते पेज रुसलंय का?" बाबांनी जेवताना विचारलं.

"तुम्ही कधीपासून बघायला लागलात?"

"मी कुठे बघतो," बाबा म्हणाले. "तीनशे कमी झालेत एवढं दिसलं."

रविवारी दुपारी तो आला. हातात काही नव्हतं, अंगावरचा शर्टही स्वच्छ होता. बाबा मागे धुलाईच्या यंत्रापाशी होते. यंत्र घरघरत होतं.

"आज काही धुवायचं नाही," तो म्हणाला.

"मग दुकान चुकलंत."

"आत्या बोलली तुमच्याशी."

"कौतुकाने बोलल्या. तुम्ही सांगितलेलं ऐकता म्हणाल्या."

"पहिल्यांदाच ऐकलं." त्याने काउंटरच्या कडेवर बोट फिरवलं. "ती रोज काहीतरी सुचवते. हे एकच मी लगेच केलं. पहिला शर्ट तिच्या सांगण्यावरून, दुसराही. पुढचे... तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, पुरे आता, घालायला काय उरणार आहे तुला?"

"पेजला फायदा होत होता की."

"होत होता."

नाही म्हणायला ही चांगली संधी होती. त्याने ती घेतली नाही, हे तिने टिपलं.

"मधे तुमचा मोबाइल दुरुस्तीला होता," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत, सोमवारी, स्क्रीन फुटली म्हणून. त्या आठवड्यात मी तीनदा आलो. एकाचाही व्हिडिओ झाला नाही."

तिने मनात पडताळून पाहिलं. बाहीवरचा तपकिरी, मग करडा, मग पुन्हा निळा. खरं होतं. करड्याच्या दिवशी तर डाग निघेपर्यंत तो दाराशी उभा होता आणि आत्या पलीकडून हाका मारत होती.

"मग कशाला आलात?"

"लॉन्ड्रीत रिकाम्या हाताने कसं येणार?"

"आज आलात की."

"आज शर्ट संपले."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ते जमलं नाही.

"एक सांगू?" ती म्हणाली. "पेन गळलं की शाई खिशाला आतून लागते. तुम्ही बाहेरून टाकलीत."

त्याने स्वतःच्या खिशाकडे पाहिलं. मग कानांपर्यंत लाल झाला. "हे... कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आत्याला सांगू नका. दुकानातून काढेल मला."

यंत्र थांबलं. दुकानात एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत त्याला आवाज खाली आणावा लागला. "मला तुम्ही आवडता. हे समोरच्यांचं म्हणणं नाही, माझं आहे. मोबाइल तिकडेच ठेवून आलोय."

तिने काउंटरवर पडलेला धागा उचलला, बोटाला गुंडाळला, सोडला.

"मला वेळ लागेल. घाईने घासलं की डाग पसरतो."

"थांबतो."

"संध्याकाळी पुलापर्यंत चालू. पण यातलं काही पेजवर जाणार नाही. फोटो नाही, टोमणा नाही. लोक विचारतील, विचारू देत."

"फॉलोअर जातील."

"जाऊ देत." मग जरा थांबून, "किती जातील?"

"थोडे."

"थोडे चालतील."

मागून बाबांचा आवाज आला. "आज दुकान मी बंद करीन गं. तू जा."

सव्वासहाला ती बाहेर पडली. मोबाइल खणातच ठेवला. तो रस्त्याच्या कडेला उभा होता. दोघं चालू लागली, मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. चौकात हिरवा दिवा लागला तरी दोघंही उभीच राहिली, कारण तो काहीतरी सांगत होता. "तुम्हाला खरं वाटणार नाही, पण..." असं त्याने सुरू केलं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, चालता चालता बोल ना." ती 'बोल' म्हणाली, हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. दिवा पुन्हा लाल झाला.

सात वाजता लॉन्ड्रीच्या पेजवर एक कमेंट पडली. 'तुमचं दोघांचं नक्की काय चाललंय?' पाठोपाठ तोच प्रश्न पेनांच्या दुकानाच्या पेजवरही आला. दोन्हीकडे त्याखाली लाइक वाढत आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.