कापसाच्या ढिगातला ठोका

"नर्सबाई, पोटातलं लेकरू मेलं तरी ऐकू येते का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून कोकिळानं भर रस्त्यात विचारलं. कांताबाई नर्सनं असं पाहिलं, की मैत्रिणी पळाल्याच!

कोकिळा माझी आतेबहीण. तिनं सांगितलं तसंच सांगते. खोटं वाटलं तर फुलसावंगीत जाऊन विचारा.

१९६१ साल. दिवाळी झालेली, घराघरात कापूस.

सांगते ती गोष्ट भर दुपारची... रात्रसुद्धा नव्हती.

पैजेच्याच आठवड्यात कोकिळाच्या घरी तिच्या विमल वहिनीला कळा सुरू झाल्या. कांताबाई आल्या. लाकडी नळीचं एक तोंड पोटावर, दुसरं कानाला. एका हातात वहिनीची नाडी, म्हणजे आईचे ठोके बाळाचे समजायला नको.

"तुलेच लई विचारायचं असते ना? लाव कान," त्या कोकिळाला म्हणाल्या.

टक टक टक टक... घोडं दौडल्यासारखं.

"कळ आली की ठोका जरा दबते. कळ गेली की उचलते. नाही उचलला तर लेकरू अडचणीत."

कळ आली. वहिनी किंचाळली.

टक टक टक टक...

जरासुद्धा दबला नाही.

"बाई, हे तर बदलूनच नाही राह्यलं!"

"मंग चांगलंच आहे ना. हो बाजूले."

नर्सबाई चहाला ओसरीवर गेल्या. कोकिळाला चैन पडेना. तिनं वहिनीच्या पोटाला सरळ उघडा कान लावला.

टक...

...

टक...

कळ ओसरली. तरी तसंच.

ती धावत बाहेर आली. "बाबा, बैलबंडी जुंपा! वहिनीले उमरखेडच्या दवाखान्यात न्या!"

तिचे बाबा, भगवानराव, जागचे हलले नाहीत. "नर्सबाई काय म्हणते?"

"ठीक आहे म्हणते. पण..."

"मंग तू कोण मोठी डाक्टरीण?"

"बाळंतिणीच्या घरात अभद्र बोलू नको वं," मायही ओरडली.

आठवीतली पोरगी म्हणून कुणीच ऐकेना! कोकिळाला स्वतःचेच केस उपटावेसे वाटले. नळीच बिघडली असेल, म्हणून तिनं ती उचलली. कोपऱ्यातल्या कापसाच्या ढिगात खुपसली. कान लावला.

टक टक टक टक...

"बाई, इकडं या! ऐका!"

कांताबाई हसत आल्या. वाकल्या.

हसू तिथंच विझलं.

नळी टाकून त्यांनी वहिनीच्या पोटाला कान लावला. मग एकच धावपळ. "पाणी आणा! विमल, जोर लाव, माय माझी, जोर लाव!"

पोरगा निळा पडलेला. नाळ गळ्याला करकचून बसलेली.

कांताबाईंनी नाळ सोडवली, पाठ चोळली, पुन्हा चोळली...

मग रडला.

"बाई, ही नळी कोणाची?" कोकिळानं विचारलं.

"माझ्या आधीच्या नर्सची."

"ती कुठं आहे?"

कांताबाईंनी खाली पडलेली नळी पुसून पिशवीत टाकली.

"फेका ना ती!"

"दुसरी कुठून आणू? तांड्यावर रुपीबाईले कळा सुरू झाल्या. निघतो मी."

"बाबा, थांबवा ना त्यांना!"

"नातू झाला ना? आता कायची कटकट?"

पिशवी कोकिळाच्या अगदी जवळून गेली...

टक टक टक टक...

बाबा सुपारी कातरत होते. मायनं मानसुद्धा वर केली नाही.

कोकिळानं चपला घातल्या.

"माय, बाबा, मी नर्सबाईसंग तांड्यावर जातो. नाही म्हणू नका. पोटाले उघडा कान लावणारं तिथं कोणीतरी पाहिजे."