डेव्हिएशनवर पास

विमान उडालं तर अनंतरावांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. निगडीच्या प्राधिकरणात बंगले पुष्कळांचे होते, विमान कुणाचंच नव्हतं. दिवाणखान्यात एक फोटो लागला असता. आणि साडू रविराज, ज्याचा मुलगा कॅनडात होता आणि जो प्रत्येक लग्नात भर पंगतीत "काय अनंतराव, उडालं का?" असं विचारायचा, तो एकदाचा गप्प बसला असता. बाकी काही नाही. पण साठी उलटलेल्या माणसाला साडू गप्प बसणं ही काही थोडकी कमाई नसते.

अनंतरावांनी उभी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात काढली, क्वालिटी खात्यात. निवृत्त झाल्यावर तळेगावच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, नकाशे मागवले आणि एका माणसापुरतं हलकं विमान बांधायला काढलं. मदतीला ज्ञानेश. लातूरकडचा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, अजून कंत्राटी. पहिली शिफ्ट सुटली की पुनावळ्याला घरी जायच्या ऐवजी तो शेडवर यायचा. अनंतरावांची बायको मृदुला त्याच्यासाठीही डबा द्यायची, वर एक लाडू. "प्लँट हेडच्या कानावर घातलंय तुझं," असं अनंतराव त्याला अधूनमधून सांगत. घातलं नव्हतं.

पंखाची परीक्षा अशी असते. हवेत पंखाला खालून वर रेटा बसतो आणि विमान झटक्यात वळलं की तो कितीतरी पट होतो. जमिनीवर तेवढा रेटा आणायचा तर पंख पालथा करून घोडीवर बसवायचा आणि त्याच्यावर वाळूच्या पिशव्या रचायच्या, बुडाशी जास्त, टोकाकडे कमी. टोक किती झुकलं ते ताणलेल्या दोऱ्यापासून पट्टीनं मोजायचं. पिशव्या उतरवल्या की टोक जागेवर यायला हवं. आलं तर पंख पास, आणि त्याच्या भरवशावर माणूस वर जाणार.

पिशव्यांवर वजनं लिहून ठेवली होती. ज्ञानेशनं पहिली पिशवी उचलली, हातात तोलली आणि खाली ठेवली.

"सर, ही वजनाला भरंना. क्रश सँड आली तेव्हा ओली होती. तशीच तोलून आपण आकडे टाकले. एवढे दिवस पत्र्याखाली वाळलीय की."

"कितीनं कमी?"

त्यानं दोनचार काट्यावर चढवून पाहिल्या. "सगळ्या मिळून साठेक किलो."

"म्हणजे तुझ्याएवढं."

ज्ञानेश हसला. त्याचं वजन तेवढंच होतं. "अजून वाळू मागवू, सर. मग करू."

वाळूवाला सोमवारशिवाय येणार नव्हता. उड्डाण रविवारी होतं आणि साडूला निमंत्रण गेलं होतं.

कारखान्यात मापात न बसणारा माल थांबवायचा नसला की तो डेव्हिएशनवर सोडतात. कमतरता किती ते लिहायचं आणि खाली जबाबदारी घेणाऱ्याचं नाव. ते नाव नेहमी खालच्या माणसाचं असतं. अनंतरावांनी असा किती माल पुढे ढकलला होता, ते त्यांनाही आठवलं नसतं. त्यांनी खिशातला पिवळा मार्कर काढला.

"लिही पंखाच्या बुडाशी. कमी साठ किलो. खाली तुझं नाव."

"माझं कशाला, सर?"

"पर्मनंट व्हायचंय ना, राव? मग अंगावर घ्यायला शीक."

ज्ञानेशनं लिहिलं.

पिशव्या चढल्या. पंख कुरकुरला, झुकला, स्थिरावला. ज्ञानेशनं पट्टी वाचली. पुन्हा वाकून वाचली. टोक पुऱ्या वजनाच्या खुणेवर होतं.

"बघ. उगाच भितोस," अनंतराव म्हणाले.

"पण सर, उरलेलं कशानं भरलं?"

पिशव्या उतरल्या. टोक वर आलं आणि जागेच्या थोडं अलीकडे थांबलं, रिकाम्या पंखावर कुणीतरी अजून बसून असावं तसं. आतला कणा वाकला असणार, म्हणून दोघांनी ती ॲल्युमिनियमची नळी बाहेर काढून सरळ पट्टीला लावली. केसाचाही फरक नव्हता. परत घातली तशी पंखानं पुन्हा मान टाकली.

पंख सुलटा करून विमानाला जोडला, तर त्याचं टोक वर उचललेलं. दुसऱ्या पंखाचंही, ज्याला कुणी हात लावला नव्हता. चाकं जमिनीवर असताना विमान हवेत असल्यासारखं दिसायचं.

शेडच्या फरशीवर घासकामाची पांढरी धूळ असे. बुधवारी तिच्यावर ज्ञानेशच्या पावलांचे ठसे पुसट उमटले. शुक्रवारी उमटले नाहीत. तो पिशव्यांच्या काट्यावर जाऊन उभा राहिला. आकडा एकवीस. अनंतरावांनी काट्याला हलकीशी लाथ मारून पाहिली. काटा बरोबर होता.

संध्याकाळी ज्ञानेशच्या बायकोचा, योगिनीचा, फोन आला. "सर, रविवारी ह्यांना सोडा ना. दवाखान्यात न्यायचंय. जेवायला दोन माणसांचं जेवतेत, पण कुशीवर वळले तरी पलंगाला कळंना."

"कामाची दगदग आहे गं. रविवार झाला की मोकळाच आहे तो."

फोन ठेवून ते वळले. ज्ञानेश थिनरचा डबा आणि बोळा घेऊन पंखाशी उभा होता.

"नाव पुसू का, सर?"

"पुसलंस तर पंख नापास. मग मी काय साडूला चहा पाजून परत पाठवू?" त्यांनी डबा त्याच्या हातून घेतला. डबा हाताला जड लागला, ज्ञानेशचा हात लागलाच नाही. कपाटात ठेवून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

रविवारी तळेगावच्या पुढे, एका ओळखीच्या माणसाच्या धावपट्टीवर मंडळी जमली. इंजिन सुरू झालं. वाऱ्यानं साड्यांचे पदर उडाले. ज्ञानेशनं कुंपणाचा खांब दोन्ही हातांनी धरला.

विमान सुटलं. अनंतराव वर गेले. खाली साडूची पांढरी टोपी दिसली, तसं त्यांनी विमान त्याच्या डोक्यावरून झटक्यात वळवलं. गरज नव्हती.

पंखानं सगळं ओझं घेतलं.

बुडाशी, पिवळ्या अक्षरांच्या जागी, श्वास सोडल्याचा आवाज आला. जड काहीतरी डोक्यावरून उतरवून ठेवताना माणूस सोडतो तसा.

ते उतरले. साडू काही बोलला नाही. हात मिळवला फक्त.

कुंपणाच्या खांबाशी ज्ञानेशचे बूट होते. नाड्या बांधलेल्या. मोजे आतच.

योगिनीनं पोलिसांत तक्रार दिली. शेडवर आणून ठेवलेले बूट ती येऊन घेऊन गेली. प्राधिकरणात फोटो लागला.

मग पिवळी अक्षरं आपोआप वाळून गळली. पंखांची टोकं मात्र वरच राहिली.

थोड्याच दिवसांत अनंतरावांना पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. डॉक्टर खूश झाले. "चालणं वाढवलंय वाटतं." अनंतराव चालत नव्हते. त्याच दुपारी ते शेडवर गेले, काट्यावर उभे राहिले, खाली उतरले. फरशीवरच्या धुळीत मागे वळून पाहिलं. पावलं पुसट उमटली होती.

पंखाच्या बुडाशी जाऊन त्यांनी मार्कर काढला. नाव कुणाचं टाकावं याचा थोडा विचार केला. परक्याच्या मागे विचारपूस होते. तक्रारी होतात. घरचं बरं.

नीट, वळणदार अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारातून मृदुलानं हाक मारली. "अहो, इकडे या ना. वजनाचं मशीन बिघडलं नाही ना बघा. दोन किलो उतरलं माझं."

"बिघडलं नाही," अनंतराव म्हणाले. "छान झालं."

ती हसत, ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेली. फरशीवर ठसे पुसटच उमटले.

साडू गप्प बसला, ही जमा. खर्ची पडला तो ज्ञानेश, सगळाच्या सगळा, आणि मृदुला, त्या सकाळपर्यंत, दोन किलो.